पूर्णाथडीचा हेला कोण पोसणार?

जानेवारी 2023 मध्ये देशातल्या पाळीव जनावरांच्या दहा जातींना नव्याने नोंदणी मिळाली. हे काम हरियाणातल्या कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था करते. यादीत तीन गाई होत्या, तीन शेळ्या, तीन डुकरं आणि म्हैस एकच, आपल्या वऱ्हाडातली पूर्णाथडी. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना ही म्हैस दिसते. रंग भुरा, फिकट तपकिरीपासून पांढरटपर्यंत, कपाळावर पांढरी खूण, शेपटीचा गोंडा पांढरा. लांब तलवारी शिंगांची नागपुरी म्हैस पुस्तकांत फार आधीपासून होती. ही भुरी मात्र कागदावर वर्षानुवर्षं ‘गावठी’ या एका शब्दाखाली जमा होत राहिली. ज्या जनावराला जात नाही, त्याच्यावर बाहेरचं रक्त चढवून ‘सुधारणा’ करायची हे सरकारी धोरण असल्यामुळे त्या एका शब्दाने भुरीचं बरंच नुकसान केलं.

वरवट बकाल हे गाव संग्रामपूर तालुक्यात. शेगावहून उत्तरेला निघालं की सातपुड्याची रांग समोर ठेवून रस्ता इकडे येतो. डोंगराच्या अंगाला अंबाबरवा अभयारण्य, दक्षिणेला पूर्णा. तालुक्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. वर उत्तम काळी जमीन आणि खाली खारं पाणी. विहिरीचं पाणी पिकाला दिलं तर जमीनच बिघडते. माणसांना पिण्यासाठी वान धरणावरून 140 गावांची योजना आणावी लागली. अशा भागात जे पीक आणि जे जनावर पिढ्यान्‌पिढ्या टिकलं, त्याच्या अंगात काहीतरी आहे हे उघड आहे. ते जपायचं कसं, यावर मात्र इथे दोन मतं ऐकू येतात. ती मी दोन माणसांच्या तोंडी घालून मांडतो आहे. एक मावशी, वरवट बकालची, तीन भुऱ्या म्हशी आणि घरचं बियाणं राखणारी. दुसरा तिचा भाचा, अकोल्याला राहणारा पशुवैद्यक. हे दोघं कुणी एक व्यक्ती नाहीत, पण ते जे बोलतात ते या भागात रोज बोललं जातं.

मावशी : नोंद झाली, चांगलंच झालं. आता गावात हेला कुठं हाय ते सांग.

भाचा : हेला गावात कशाला हवा, मावशी? चांगल्या दुधाच्या आयांचे निवडक हेले एका जागी ठेवायचे, त्यांचं वीर्य द्रवरूप नत्रात उणे 196 अंशांवर गोठवायचं आणि दवाखान्या-दवाखान्यांत कांड्या पोचवायच्या. एका हेल्याच्या हजारो कांड्या होतात. पन्नास वर्षांनीसुद्धा त्या वापरता येतील. गावागावात हेले पोसत बसायचे दिवस गेले.

मावशी : कांडी भराले आधी माज दिसाले पायजे ना बाप्पा. गाय हंबरते, दुसऱ्या गाईवर चढते, तिचं समजते. म्हशीचा माज मुका. उन्हाळ्यात त रात्री उठून उठून पाहा, काई दिसत नाई. हेल्याले मात्र वाऱ्यावरून समजते. एक डाव चुकला की एकवीस दिवस गेले. असे तीन डाव चुकले की म्हैस वरीसभर भाकड, आन्‌ कुटार त तिले रोजच लागते.

‘मुका माज’ हा शब्द पशुवैद्यकाच्या मराठी पुस्तकांतही हाच आहे. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूप कमी, त्यामुळे उन्हाची तिला बाधा अधिक आणि उन्हाळ्यात माजाची लक्षणं आणखी दबतात. कृत्रिम रेतन गाईंमध्ये जेवढं यशस्वी झालं, तेवढं म्हशींमध्ये झालं नाही, त्याचं हे एक मोठं कारण. मावशी जे गोठ्यात पाहते ते शास्त्राला ठाऊक आहे. तरीही योजना आखताना हेला हा मुद्दा जुनाट ठरवून बाजूला टाकला जातो, याचं मला वाईट वाटतं.

भाचा : ते मान्य. पण हेल्याचा धोका तू सांगत नाहीस. समज, शंभर म्हशी आहेत आणि हेला एकच. आनुवंशिकतेच्या हिशेबात नर-मादींच्या संख्यांचा गुणाकार करायचा, त्याची चौपट करायची आणि एकूण जनावरांनी भागायचं. उत्तर येतं चार. म्हणजे डोळ्यांना शंभरावर एक जनावरं दिसतात, पण जातीच्या रक्तातली विविधता चारच जनावरांचा कळप असल्यासारखी आटत जाते. पाच हेले ठेवले तर तोच आकडा एकोणीसवर जातो. गावात कधी पाच हेले होते का? एकच असायचा, आणि तोच आपल्या पोरींवर.

मावशी : आपल्या पोरींवर कसा जाईन? दर तीन वर्सांनी हेला बदलत होते. वगार माजावर याच्या आत तिचा बाप गावातून गेला पायजे, असं माहा सासरा सांगे. आपला हेला तिकडच्या गावाले, तिकडचा आपल्याकडं. पैसा कोनी कोनाले देत नोता. हेला पाहाचा तो बी आईवरून. आई किती दूध देते ते नाई, किती महिने देते ते. चैत-वैशाखात कोरड्या कडब्यावर जिचा पान्हा टिकला, तिच्या पोटचा हेला ठेवाचा.

इथे भाच्याने वही काढली, असं मी धरून चालतो. म्हशीची वगार साधारण तिसऱ्या वर्षाच्या सुमारास वयात येते, म्हणजे तीन वर्षांचा फेरा अगदी अचूक बसवलेला आहे. ‘आईच्या दुधावरून नर निवडणे’ आणि ‘नरांची कळपाकळपांत फिरती अदलाबदल’ या दोन्ही गोष्टी पशुपैदास शिकवणाऱ्या वर्गात शिकवल्या जातात. शिवाय मावशीच्या निवडीत एक गोष्ट जास्तीची आहे. ती दुधाचा उच्चांक बघत नाही, वाईट महिन्यांत किती तग धरला ते बघते. खारपाणपट्ट्यात जात घडली ती या निवडीतून.

भाचा : मग हे सगळं थांबलं कधी आणि कुणामुळे? माझा प्रश्न सरळ आहे. मुऱ्हा म्हशीची कांडी मागायला लोक स्वतःहून दवाखान्यात येतात. त्यांना कुणी जबरदस्ती केली नाही. दूध जास्त हवं, हप्ते फेडायचेत. मी कुणाला सांगू, की बाबा, तू कमी दुधाची म्हैस ठेव, कारण देशाचा जनुकीय ठेवा जपायचाय?

मावशी : कोनाले सांगू नको. मुऱ्हा आनली त्याचं काई चूक नाई. पन तिले हिरवं लागते, डुंबाले पानी लागते. इथं उन्हाळ्यात हंडा हंडा पानी मोजाव लागते. भुरी तुरीच्या कुटारावर दिवस काढते. तुमी दूध मोजता सावन-भादव्यातलं. वैशाखात मोज.

भाचा : मोजू. पण मोजल्याशिवाय मी तुझं म्हणणं अहवालात लिहू शकत नाही.

मावशी : मोज ना. पन मोजेपर्यंत ती गोठ्यात राहाले पायजे. कडबा कुठं राहिला?

सगळा विषय या कडब्यापाशी येतो, म्हणून जरा थांबतो. वऱ्हाडात खरिपाची ज्वारी हेच मुख्य अन्न होतं. जुनी वाणं उंच, उशिरा येणारी. पेरणी थोडी मागेपुढे झाली तरी दिवस लहान होऊ लागले की मगच ती निसवायची, त्यामुळे दाणा भरायच्या वेळी पाऊस ओसरलेला असे. कणीस मोकळं, दाणा पांढरा, आणि माणसाच्या डोक्यावर जाणारा कडबा. 1964 साली सीएसएच-1 हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. ते बुटकं आणि लवकर येणारं. धान्य किती तरी जास्त पिकलं, आणि त्या काळच्या टंचाईत ते हवंच होतं, हे विसरता कामा नये. पण लवकर आलेलं कणीस परतीच्या पावसात सापडू लागलं. दाण्यावर बुरशी चढली, ज्वारी काळी पडली, बाजारात भाव पडला. कडबाही तोकडा झाला. मग सोयाबीन आलं, त्याच्या मागोमाग 26 मार्च 2002 ला बीटी कपाशीला मंजुरी मिळाली. त्यात सातपुड्याच्या पायथ्याशी रोही आणि रानडुकरांचा त्रास वाढला. एकट्यादुकट्याने ज्वारी पेरली की सगळ्या शिवारातली पाखरं त्याच एका वावरात उतरतात. ज्वारी गेली तशी गंजी गेली, गंजी गेली तशी म्हैस विकली गेली, आणि सगळ्यात आधी गेला तो हेला, कारण तो दूध देत नाही. बियाण्याचा ठेवा वेगळा, जनावरांचा वेगळा असे विभाग कार्यालयात असतात. गोठ्यात तसे ते वेगळे नसतात.

मावशी : भेंडवळले जातो ना आपन आखाजीले. घटात अठरा धान्यं मांडतात. अंबाडी हाय, भादली हाय, जवस, करडी, तीळ, मसूर. सारे लोक पाहतात कोनतं धान्य किती हाललं. मी पाहते, याच्यातलं वावरात काय राहिलं.

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेला होते. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची सांगतात. मध्ये खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, भोवती वर्तुळात अठरा धान्यं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. त्या भाकिताला शास्त्रीय आधार नाही, आणि भाच्याचं तेच म्हणणं आहे. पण पूर्णाकाठच्या शेतीत एकेकाळी काय काय पिकत होतं, याची ती दरवर्षी मांडली जाणारी यादी आहे, आणि तेवढ्यापुरती मला ती फार मोलाची वाटते.

भाचा : यादी आहे, पण बियाणं नाही. बियाणं आहे ते आमच्याकडे. राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोचं प्रादेशिक केंद्र अकोल्यातच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत साडेचार लाखांहून अधिक नमुने उणे 18 अंशांवर ठेवलेत. उद्या या तालुक्यातून एखादं वाण पूर्ण नाहीसं झालं तर ते तिथून परत आणता येईल. तुझ्या गाडग्यातून नाही आणता येणार. खरं सांगू? तुझे गुडघे दुखतात. पोरगा पुण्यात आहे. तुझ्यानंतर ही गाडगी आणि या म्हशी कोण बघणार आहे? एका माणसाच्या तब्येतीवर एखादी जात सोडून देणं मला पटत नाही.

हा भाच्याचा सगळ्यात जड मुद्दा, आणि त्याला मावशीकडे उत्तर नाही. पारंपरिक ज्ञानाविषयी भरभरून बोलणारे लोक हा प्रश्न टाळतात. गावात राहिलेली माणसं म्हातारी आहेत, आणि तोंडी ज्ञान तोंडाबरोबर जातं. शीतपेटी नको म्हणणं हा हट्ट ठरेल.

पण समजा 1980 साली शीतपेटीत गेलेलं बी असेल, तर ते 1980 च्याच पावसाला ओळखतं. त्यानंतरचा पावसाचा बदललेला खंड, नवी कीड त्याने पाहिलेली नाही. मावशीकडची हुरड्याची वाणी ज्वारी दरवर्षी पेरली जाते, दरवर्षी तिच्यातली कणसं उभ्या वावरात निवडली जातात, आणि हुरड्याला गिऱ्हाईक असल्यामुळे ती तग धरून आहे. वाण वापरात राहिलं की त्याचं शिक्षण चालू राहतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं काम लोकांना माहीत आहे. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बायफ या संस्थेने त्यांना बियाणं ठेवायची, उगवण तपासायची साधनं दिली, प्रशिक्षण दिलं. निवड मात्र त्यांचीच राहिली. बाहेरची मदत कुठपर्यंत असावी याचं हे चांगलं उदाहरण आहे.

मावशी : आन्‌ आमचं तुमी घेऊन गेल्यावर? चंद्रपूरकडच्या त्या खोब्रागड्यांचं काय झालं?

भाचा : त्यांना 2005 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मावशी.

मावशी : पुरस्कार भेटला. धानाचे पैसे?

दादाजी खोब्रागडे हे नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे. दीड-दोन एकरांचे धनी. 1983 साली आपल्या बांधीत वेगळी दिसलेली लोंबी त्यांनी निवडली, वाढवली आणि तिचं एचएमटी धान झालं, त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून. पुढे कृषी विद्यापीठाने ते शुद्ध करून ‘पीकेव्ही एचएमटी’ म्हणून आणलं. ते धान राज्याबाहेरही पोचलं. दादाजी 3 जून 2018 ला गेले, आजारपणात आणि पैशांच्या विवंचनेत. विद्यापीठातल्या माणसांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. निवडणाऱ्याचा वाटा कुणी, कधी आणि कुठल्या खात्यातून द्यायचा हे त्या वेळी ठरलेलंच नव्हतं.

आज थोडं ठरलं आहे, पण पिकांपुरतं. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायचा, पेरायचा, अदलाबदलीचा आणि ब्रँड न लावता विकायचा हक्क दिला, स्वतःचं वाण नोंदवायचाही दिला. जनावरांसाठी असा कायदा नाही. पूर्णाथडीची नोंदणी हा सन्मान आहे, मालकी नाही. राहतो 2002 चा जैवविविधता कायदा. त्यात गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे आणि लोकांनी स्वतः लिहायची नोंदवही आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातल्यावर देशभर या वह्या घाईने भरल्या गेल्या. घाईत भरलेल्या वहीत ‘म्हैस’ लिहिलं जातं. तीन वर्षांनी हेला बदलायची रीत त्यात येत नाही, कारण ती सांगायला मावशीला तासभर लागतो आणि विचारायला आलेल्याला तेवढा वेळ नसतो.

भाचा : आता पैसे आहेत. 2022 च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्प मंजूर केला. पाच वर्षांसाठी 172.39 कोटी. त्यात स्थानिक पीक वाणं आहेत, देशी जनावरांच्या जाती आहेत, गवताळ आणि चराईच्या जमिनीसुद्धा आहेत. तुला हवं ते सगळं कागदावर आलंय. तुझं मागणं सांग, मी वर पाठवतो.

मावशी : हेल्याचा वरीसभराचा कडबा आन्‌ ढेप. दुसरं, गायरानात झुडपी बोरी-बाभळी हायत, तिथं चराले कोनी अडवू नये. तिसरं, ज्यानं उंच ज्वारी पेरली त्याले डुकरापासून कुंपन. बस.

भाचा : हेला पोसायला पैसे मागितले की लेखापरीक्षणात पहिला प्रश्न येतो, हेला खरंच आहे का. प्रशिक्षणाला, मेळाव्याला, माहितीपत्रकाला पैसे मिळतात. कडब्याला योजनेत हेड नाही.

मावशी : कानात बिल्ला हाय ना बारा आकड्यांचा? फोटू काढ. तीन वर्सांनी तोच बिल्ला तिकडच्या गावात दिसला पायजे. नाई दिसला त पैसे परत घे. जे पिल्लू होईन त्याची आई, बाप, जन्माचा महिना मी वहीत लिहून देते. वही मात्र गावातच राहीन, तुमी नक्कल न्या.

वैयक्तिक लाभाच्या कुठल्याही योजनेपेक्षा ही तपासणी सोपी आहे, असं माझं मत आहे. गावाला जे करायला सांगायचं ते गाव आधीपासून करत आलेलं आहे. तुटलाय तो फक्त खर्चाचा सांधा. पूर्वी हेला साऱ्या गावाच्या वावरांत चरायचा आणि त्याला कुणी काठी मारत नसे, म्हणजे तो खर्च सगळं गाव थोडा थोडा उचलत होतं. आता तो एकट्या मावशीवर पडतो, आणि जातीचा फायदा उद्या साऱ्या देशाला होणार आहे.

भाचा : बरं, हेल्याचं मी मांडतो. पण माझीही एक अट आहे. त्याचं वीर्य अकोल्याला गोठवलंच पाहिजे. तू म्हणतेस तसं सगळं नीट झालं तरीही. दोन-तीन महिने हेला तिकडे न्यावा लागेल.

मावशी : उन्हाळ्यात ने.

भाचा : उन्हाळ्यात वीर्याची प्रत उतरते, कांड्या धड होत नाहीत. मला तो थंडीत लागेल.

मावशी : थंडीतच त म्हशी माजावर येतात! दिवाळीपासून होळीलोक हेला गावातून हालनार नाई. तेवढ्यात गाभन राहिल्या त राहिल्या.

भाचा : मग एका हेल्यात भागत नाही. दोन लागतील, एक इथे आणि एक तिकडे. आणि तेही वेगवेगळ्या आयांचे.

मावशी : लिही मंग दोघाइचा कडबा.